डोळ्यांची उरलेली रोपं

हैबतरावांचा एक नेम होता. दिवेलागणीनंतर ते कोणाच्या घरी जात नसत, कोणाच्या हातचं पाणी घेत नसत आणि स्वतःच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नसत. निडी स्टेशनापलीकडच्या त्यांच्या गावात हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. वरात असो, भजन असो, ग्रामपंचायतीची सभा असो, सूर्य डोंगराकडे कलला की हैबतराव उपरणं झटकून उठत आणि म्हणत, "आपल्याला नेम हाय." हा नेम कोणत्या देवाचा, कोणी दिला आणि कशासाठी, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाला असले प्रश्न विचारायचे नसतात. उलट त्यांच्या चुलतभावाचा मुलगा प्रविण, ज्याला गावात दुसरं काही काम नव्हतं, त्यानेही मध्यंतरी हाच नेम धरला होता. पुढे रात्रीचे क्रिकेटचे सामने सुरू झाले तेव्हा त्याने तो गुपचूप सोडून दिला.

आता खरी गोष्ट अशी, की हैबतरावांना अंधार पडला की दिसत नसे. मुळीच नाही. दिवसाउजेडी समोरचं ते टिपकागदासारखं टिपत, पेपरातली बारीक जाहिरातसुद्धा वाचत. पण बाजूचं दिसत नसे आणि सांज झाली की समोरचंही जाई. हे त्यांना लग्नाआधीपासून होतं. तेव्हापासून त्यांनी एकेक युक्ती अंगवळणी पाडली होती. चालताना शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकायचा, म्हणजे लोक म्हणत, अध्यक्ष किती प्रेमळ. पायरी आली की आधी पायाचा अंगठा पुढे करून चाचपायची, म्हणजे लोक म्हणत, चाल किती भारदस्त. त्यांचे वडीलही संध्याकाळचे कधी बाहेर पडले नव्हते, आणि त्यांना गावाने साधुपुरुष ठरवून टाकलं होतं. एकाच घरात दोन पिढ्यांना दिसत नव्हतं आणि गाव पाया पडत होतं.

थोरल्या भावाला, केरूदादांना, लपवायची ही अक्कल नव्हती. दादा धाटावला एका कंपनीत कंत्राटी कामाला होते, रात्रपाळीत शिडीवरून पडले आणि घरी बसले. मग ते बांधावरून पडले, गोठ्यात पडले, एकदा सरपंचाच्या अंगावर पडले. आता त्यांना भर दुपारीही नळीतून पाहावं इतकंच दिसे. त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको कृष्णाबाई आणि हातातली काठी, एवढाच संसार. हैबतराव चारचौघांत त्यांच्याबद्दल बोलत तेव्हा आवाज खाली आणून "आमच्या दादांचं नशीब" म्हणत आणि पाठीवर हात फिरवत. आपल्याला जे आहे तेच भावाला आहे, हे त्यांनी भावालाही कधी सांगितलं नव्हतं.

या प्रकरणात बतूल कशी आली ते सांगायला हवं. रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहणारे फारुखभाई दर वर्षी केरूदादांच्या शेतातले वाल घ्यायला येत. फारुखभाईंनी सारी हयात कुवेतला काढली ती मुलीच्या शिक्षणासाठी, आणि मुलगी बतूल मुंबईत डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाली. एका वर्षी बापाबरोबर तीही वाल घ्यायला आली. केरूदादांनी वालाची पिशवी फारुखभाईंच्या हातात द्यायच्या ऐवजी शेजारी हवेत सोडली. बतूल सांडलेले वाल गोळा करायच्या ऐवजी दादांकडे बघत राहिली. पुढच्या आठवड्यात ती त्यांना मुंबईला घेऊन गेली, तपासण्या झाल्या आणि परत येऊन तिने ओटीवर सगळ्यांना समजावून सांगितलं.

"डोळ्याच्या मागं एक पडदा असतो, काका. उजेड पकडणाऱ्या पेशी त्या पडद्यात असतात. तुमच्या त्या हळूहळू मरतायत. का मरतायत ते जिवंत माणसाच्या डोळ्यात शिरून बघता येत नाय. म्हणून आम्ही तुमचं थोडं रक्त घेतलं. त्यातल्या पेशींना मागं न्यायचं, इतकं मागं की आपण रक्त होतो हे त्या विसरतात. पोटातल्या गर्भाच्या पहिल्या दिवसांत जशा पेशी असतात, ज्यांचं पुढं काय पण होऊ शकतं, तशा त्या होतात. त्यांना मूळपेशी म्हणतात. मग त्यांना बशीत वाढवून डोळ्याचा पडदा करायचा. आईच्या पोटात तो जसा होतो, अगदी त्याच क्रमानं."

ओटीवर कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. बतूल हुशार होती, पण हुशार माणसांना समोरच्याचा कोरा चेहरा सहन होत नाही. ती म्हणाली, "म्हणजे आपण राबात भाताची रोपं तयार करतो ना, तसंच समजा."

हे वाक्य तिने बोलायला नको होतं. कारण आता सगळ्यांना सगळं समजलं. राबात रोपं तयार करतात ती कशाला, हे या गावात कोणाला शिकवावं लागत नाही. रोपं होतात, मग ती उपटून मुठी बांधतात, मग लावणी होते. आणि आपली लावणी होऊन रोपं उरली तर ती विकायची नसतात, टाकायची तर मुळीच नसतात. ज्याचं कमी पडलं असेल त्या भाऊबंदाला द्यायची असतात, आणि जो आधी येऊन सांगून ठेवील त्याचा हक्क पहिला. ही रीत गावात इतकी पक्की होती, की जमिनीवरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा उरलेली रोपं एकमेकांना देत.

नऊ-दहा महिने गेले. एका सकाळी बतूलने फोनवर पाठवलेले फोटो घेऊन फारुखभाई आले. बशीत मोहरीएवढे पांढुरके गोळे होते आणि त्यांच्या कडेला काचेसारखी पातळ किनार होती. केरूदादांनी फोन नाकाशी धरला, वर-खाली केला आणि म्हणाले, "कायतरी दिसतंय." फारुखभाई म्हणाले, "बतूल सांगत होती, चाळीसेक झालेत." हैबतरावांनी हा आकडा ऐकला आणि ते एकदम ताठ बसले. दादांना डोळे दोन. बशीत चाळीस. बाकीच्यांचं वाटप करायला कोणीतरी जबाबदार माणूस हवा होता, आणि असा माणूस गावात एकच होता.

दुसऱ्या दिवशी, अर्थात सकाळी, हैबतरावांच्या ओटीवर भावकी जमली. रस्त्याच्या तोंडाला प्रविणने रातोरात फलक लावला होता: 'आमचे काका केरूशेठ यांचे नेत्र मुंबईत अंकुरले, हार्दिक अभिनंदन'. खाली काळा चष्मा घातलेला प्रविणचा मोठा फोटो होता. केरूशेठ कोपऱ्यात होते आणि छापणाऱ्याने त्यांचा डोळे मिटलेला फोटोच नेमका उचलला होता.

"आधी दादांची लावणी," हैबतराव म्हणाले. "ती झाली की मग उरलेली. ज्याला जितकी गरज तितकीच मागायची. हावरटपणा नाय."

त्यांची आत्या पुतळी सगळ्यात पुढे बसली होती. तिचं घर गावाच्या टोकाला, शेताला लागून, आणि गावात जे घडे ते तिला घडायच्या आधी कळे. "मला एकच दे," ती म्हणाली. "डावा बरा हाय. उजव्यानं सुईत दोरा जात नाय."

प्रविणला जोडी हवी होती. त्याला चष्मा होता आणि पोलीस भरतीत तो अडकत होता. घारे मिळतील का, असंही त्याने हळूच विचारलं. एकाने म्हातारीसाठी मागितले, ती वारली होती हे नंतर लक्षात आलं. एकाचे डोळे ठणठणीत होते. पण शेजाऱ्याला दोन मिळतात आणि आपल्याला नाही हे त्याला बघवेना, म्हणून त्याने पुढेमागे लागतील म्हणून एक सांगून ठेवला. हैबतराव सगळ्यांना मान डोलावत होते. एक चांगली टपोरी जोडी त्यांनी समितीसाठी राखीव म्हणून बाजूला काढली होती. ती कोणाला द्यायची हे अध्यक्षांनी ठरवायचं होतं, आणि अध्यक्षांचं ठरलेलं होतं.

कृष्णाबाई आतल्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आवो, बतूलला एकदा विचारा तरी. लावणी हाय का नाय ते."

"तू कशाला मधे बोलतेस गो," पुतळी म्हणाली. "तुमचे दोन कुठं जात नायत."

महिन्याभराने बतूल स्वतः आली तेव्हा फलक वाचूनच तिचा चेहरा उतरला. ओटीवर पुन्हा भावकी होती. ती सरळ बोलली. "हे डोळे नायत. यांनी कोणाला दिसणार नाय, काकांनासुद्धा नाय. हे फक्त बघण्यासाठी हायत, की रोग कुठं सुरू होतो. लावणी वगैरे काय नाय. मी तेव्हा रोपांचं बोलले ती चूक माझी."

ओटीवर जी शांतता पसरली ती राबच्या राब खेकड्यांनी खाल्ल्यावर पसरते तशी होती. मग पुतळी म्हणाली, "मग येवढी चाळीस करून ठेवली कशाला? नासवायला?" प्रविण म्हणाला, की मुंबईवाल्यांनी ते दुसरीकडे वाटले असणार. राखीव जोडी गेली हे दुःख हैबतरावांना कोणाजवळ सांगायची सोय नव्हती.

"उपयोग हाय," बतूल म्हणाली. "पण त्याला तुमची मदत लागंल. हा रोग घरात उतरतो. ज्याला हाय त्याच्या मुलांतल्या निम्म्यांना तो येऊ शकतो. तरुणपणीच कळला तर बरं, कारण अजून पेशी जिवंत असतात. पुढं एखाद्या औषधाची चाचणी निघाली तर ती अशाच लोकांवर होईल. पेशी मेल्यावर औषध देऊन फायदा नाय. म्हणून मला घरातल्या सगळ्यांच्या रक्ताची एकेक नळी पाहिजे." मग ती हैबतरावांकडे वळली. "आणि तुमची तर आधी पाहिजे, काका. तुम्ही सख्खे भाऊ आणि तुमची नजर उत्तम. तुमच्या पेशी आणि केरूकाकांच्या पेशी शेजारी शेजारी वाढवल्या, की निरोगी आणि आजारी यांत फरक कुठं पडतो ते आम्हाला दिसंल."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी हैबतरावांकडे त्यांच्या चांगल्या नजरेचा दाखला मागत होतं. द्यावं तर मुंबईत बशीत त्यांचं बिंग फुटणार. न द्यावं तर सख्ख्या भावासाठी चमचाभर रक्त दिलं नाही असं होणार. आणि बिंग फुटलं की नुसतं त्यांचं फुटणार नव्हतं. त्यांच्या मुलीचं, दिशाचं, लग्न ठरत आलं होतं. पेणच्या सुशीलशेठच्या मुलाशी, रितेशशी; मुलगा डोलवीला पोलादाच्या प्लांटमध्ये कायम झालेला. बापाला हा रोग आहे म्हटल्यावर पोरीकडे कोण बघणार? मुलांतल्या निम्म्यांना, असं बतूल म्हणाली होती. हैबतरावांना मूल एकच होतं. एकाचं निम्मं किती, याचा हिशेब त्यांनी डोक्यात सुरू केला आणि लगेच थांबवला.

ते उठून उभे राहिले, कारण मोठं काही बोलायचं असलं की ते उभे राहत. "हे बघ बेटा," ते म्हणाले, "आमच्या घराण्याचं रक्त असं नळीत भरून मुंबईला जात नाय. रक्तात पूर्वज असतात."

"माझं गेलं की," केरूदादा कोपऱ्यातून म्हणाले.

याकडे कोणी लक्ष दिलं नाही. पूर्वजांचं ऐकून भावकीला धीर आला होता. ज्यांनी जोड्या सांगून ठेवल्या होत्या त्यांना एकेक कामं आठवू लागली. कोणाची गाय सोडायची होती, कोणाला रोह्याला जायचं होतं. प्रविणने सुईची भीती वाटते म्हणून सांगितलं. पोलिसात जायचं होतं त्याला. डोळे मागायला ओटी पुरली नव्हती आणि रक्ताचं नाव काढताच अंगणात कुत्रं उरलं नाही. बतूलने पिशवी बंद केली. निघताना तिने दारात उभ्या असलेल्या दिशाकडे एकदा पाहिलं. दिशाने मान खाली घातली.

दिशा बावीस वर्षांची, बीएस्सी झालेली, धाटावला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी करत होती. स्कूटी होती, पण अलीकडे ती कंपनीच्या बसने येई आणि पाचच्या आत घरी असे. पोरगी किती वळणाची, असं हैबतराव सगळ्यांना सांगत. हे सांगताना त्यांचा आवाज जरा जास्तच चढे.

लावणी आटोपली आणि पेणला बोलणीसाठी जायचं ठरलं. सुशीलशेठचा गणपतींचा कारखाना होता. घर कारखान्याच्या मागे, आणि घरात जायची वाट कारखान्यातून. दोन्ही बाजूंना फळ्यांवर मूर्तींच्या रांगा होत्या, काही कच्च्या, काही रंगाचा हात दिलेल्या, आणि मधून एक माणूस जाईल एवढी बोळ. हैबतरावांना समोरचं टोक स्वच्छ दिसत होतं. बाजूंना काय आहे ते देवालाच ठाऊक, आणि बाजूंना देवच होते. त्यांनी बायकोच्या, अनिताच्या, खांद्यावर हात टाकला आणि ते अगदी अंग चोरून पार झाले.

मग मागे काहीतरी तुटल्याचा आवाज आला. दिशाच्या कोपराने एका मूर्तीचा कान गेला होता. मूर्ती चांगली हातभर उंच होती, उजव्या हाताला, तिच्या खांद्याच्या बरोबरीने. ती कोणालाही दिसली असती. सुशीलशेठ हसून म्हणाले, "असू दे, असू दे, मातीच हाय. जोडून टाकू." हैबतराव म्हणाले, "पोर लाजलीय, दुसरं काय नाय." पण नजर समोर चांगली असल्याचा एक तोटा असतो. बोळीच्या शेवटी उंबरठा होता, आणि दिशा उंबरठ्यापाशी आली तेव्हा तिने पायाचा अंगठा हळूच पुढे करून तो चाचपला. मग भारदस्तपणे पाऊल टाकलं.

हैबतरावांनी ते पाहिलं. जगात हे कळेल असा तोच एक माणूस होता. ते लगेच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले आणि चहा येईपर्यंत तिकडेच बघत राहिले.

चहा घेताना सुशीलशेठ म्हणाले, "तुमच्या थोरल्या भावाचं ऐकलं. वाईट झालं. घरात अजून कोणाला नाय ना?"

"छे, छे," हैबतराव म्हणाले. "दादांना धाटावच्या धुरानं झालं. आमच्या घरात सगळ्यांची नजर घारीची." हे बोलताना त्यांचा कप बशीच्या बाजूला, टेबलावर, जोरात टेकला. दिशा बापाकडे बघत होती.

बोलणी जमली. अनिता बहिणीकडे पेणलाच राहिली आणि बापलेक गाडीने परत निघाले. वेळेवर आली असती तर उजेडी घरी पोचवणारी ती गाडी. पण एका मालगाडीसाठी ती कासूला थांबली, मग नागोठण्याला थांबली, आणि निडीला उतरवलं तेव्हा सांज सरत आली होती. हैबतराव फलाटावर उभे राहिले. नेम मोडत होता. स्टेशनापासून गाव फार लांब नव्हतं, पण वाट शेतांतून, बांधावरून होती आणि दोन्हीकडे खाचरं पाण्याने भरलेली होती.

त्यांनी दिशाच्या खांद्यावर हात टाकला. पोरगी तरुण आहे, तिला दिसतंय, आपण नुसतं मागून जायचं. मघाशी जे पाहिलं ते त्यांनी पाहिलं नव्हतं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दिशा काही न बोलता चालू लागली. तिच्या मनात असं होतं, की बाबा या वाटेने जन्मभर चाललेत. हात खांद्यावर आहे, ते वळवतील तसं वळायचं. दोघांच्या खिशात फोन होते आणि फोनला बॅटरी होती. बाबांना शंका येईल म्हणून तिने ती लावली नाही. पोरीला शंका येईल म्हणून त्यांनी लावली नाही. असे ते दोघं एकमेकांच्या भरवशावर अंधारात बऱ्यापैकी लांब गेले, आणि मग बांध वळला तिथे ते वळले नाहीत.

खाचरात पाणी गुडघ्याएवढं होतं, पण चिखल खोल होता. हैबतराव तोंडावर पडले, दिशा त्यांच्यावर. नव्या लावलेल्या रोपांच्या दोन-तीन ओळी झोपल्या. फोन कुठे गेले ते कळलं नाही. दोघांनी उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसली. बांध कोणत्या बाजूला आहे हे दोघांनाही सांगता येईना. आजूबाजूला बेडूक ओरडत होते.

"कधीपासून?" हैबतरावांनी विचारलं.

"दोन वर्सं झाली. तुम्हाला?"

"तुझ्या आईला बघायला गेलो तेव्हापासून. त्याच्या पण आधीपासून."

"म्हणजे नेम..."

"कसला नेम नि कसलं काय," हैबतराव म्हणाले.

दिशाने तोंडावरचा चिखल पुसला. "मी रक्त देऊन आले, बाबा. गेल्या महिन्यात, बतूलताईंकडं. त्या म्हणाल्या, वेळेवर आलीस. पण कोणाकडून आलंय ते कळायला घरातलं अजून एक आजारी माणूस पाहिजे. काका हायेत, पण मधला दुवा तुटतो म्हणतात. त्या तुम्हाला निरोगी धरून बसल्यायत."

पोरीच्या डोळ्यांतल्या पेशी अजून जिवंत होत्या, एकेक करून मरत होत्या, आणि आपण ओटीवर उभे राहून पूर्वजांच्या गोष्टी करत होतो, हे हैबतरावांना चिखलात बसल्यावर कळलं. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि तरीही, माणूस कसा असतो बघा, त्यांच्या मनात पुढचा विचार आला तो असा, की निदान इथे कोणी बघत नाहीये.

"हाक मारा," दिशा म्हणाली. "पुतळीआजीचं घर जवळ असंल."

हैबतराव खाकरले. त्यांनी समितीच्या बैठकीत काढायचे तो आवाज काढला. "कोण हाय का रे तिकडं?"

बऱ्याच वेळाने कुठूनतरी पुतळीचा आवाज आला. "कोण, हैबती? काय झालं?"

"काय नाय गो आत्ये. पाय घसरला."

"मग ऊठ की," पुतळी म्हणाली, आणि दार लावल्याचा आवाज आला.

दिशाला हसू फुटलं. रडू फुटायच्या आधीचं ते हसू होतं, आणि हैबतरावांना ते अंधारातही नीट ओळखू आलं. त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा दार उघडलं.

"आत्ये," ते ओरडले, आणि सगळ्या आयुष्यात जे दोन शब्द त्यांनी तोंडाबाहेर काढले नव्हते ते काढले. "दिसत नाय."

"ते ठाव हाय रे," पुतळी म्हणाली. "तुझ्या बापाला बी नव्हतं दिसत. साऱ्या गावाला ठाव हाय. तू नेम म्हणत होतास, आम्ही नेम म्हणत होतो. कुठं हायस ते सांग."

इतकी वर्षं खांद्यांवर टाकलेले हात, चाचपलेल्या पायऱ्या, सोडलेल्या वराती, आणि गाव हैबतरावांकडे बघून नुसतं मान डोलवत होतं. रागवायला कोणी जवळ नव्हतं.

"आरं, बोल की," पुतळी ओरडली. "आन पोर हाय ना संगती? तिचा हात धर आन ये सरळ. तिला दिसतंय ना."

म्हणजे हे गावाला माहीत नव्हतं. हैबतरावांनी दिशा जिथे असावी तिकडे तोंड केलं. पोरीचा पाय मुरगळलाय, असं म्हणता आलं असतं. उत्तर जिभेवर तयार होतं. अशी उत्तरं त्यांच्याकडे कायम तयार असत. गावाला कळलं की उद्या दुपारपर्यंत पेणला कळणार होतं. दिशा बाप काय म्हणतो याची वाट बघत होती.

"तिला पण दिसत नाय गो," हैबतराव ओरडले. आवाज फाटला. "माझंच आलंय तिला."

या वेळी दार लावल्याचा आवाज आला नाही. मग जरा खालच्या पट्टीत, पण शेतापलीकडून ऐकू येईल असं, पुतळी म्हणाली, "हलू नका. आले मी." थोड्या वेळाने तिच्या हाका ऐकू येऊ लागल्या. ती आधी शेजारच्या दाराशी थांबली, मग त्याच्या शेजारच्या. वाटेवरच्या प्रत्येक घरात दोन शब्द टाकल्याशिवाय ती पुढे येणार नव्हती. बांधापर्यंत पोचेस्तोवर गावात कोणाला काही सांगायचं बाकी राहणार नव्हतं.

"सुशीलशेठना मी सांगीन," हैबतराव म्हणाले. "पेणला जाऊन. तोंडावर."

"मोडतील ते."

"मोडतील," हैबतराव म्हणाले. "पण आधी बतूलकडं. उद्या पहिल्या गाडीनं."

"पहिल्या गाडीला घरातनं काळोखात निघावं लागतं, बाबा."

दूर माणसांचे आवाज येत होते.

"दादाला घेऊ संगती," हैबतराव म्हणाले. "त्याला काठीनं काळोखात चालता येतं."